स्लॅबखालचा शोध आणि पेटंटची परीक्षा

१५ सेंटीमीटर जाडीचा ओला स्लॅब दर चौरस मीटरला जवळपास पावणेचारशे किलो भार खालच्या सेंट्रिंगवर टाकतो. त्यावर काम करणारी माणसे, व्हायब्रेटरची थरथर आणि एकाच जागी ओतलेल्या काँक्रीटचा ढीग हे वेगळेच. प्लेट, बीम, जॅक आणि त्यांचे सांधे हा भार काही दिवस पेलतात आणि स्लॅब उभा राहिला की ट्रकमधून पुढच्या साइटवर जातात. तात्पुरती व्यवस्था म्हणून तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. प्रत्यक्षात भोसरी, सातपूर, शिरोली इथल्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये आणि साइटवरच्या सेंट्रिंग मिस्त्र्यांच्या हातून या व्यवस्थेत सतत सुधारणा होत असते. कुठे पाचर बदलते, कुठे लेजरच्या, म्हणजे आडव्या नळाच्या, टोकाला नवी खाच पडते, कुठे जॅकचे डोके वेगळे होते. यातल्या काही सुधारणा पेटंट मिळण्याच्या योग्यतेच्या असतात. तरीही अनेकदा त्या अर्जापर्यंत पोहोचत नाहीत, आणि पोहोचल्या तर परीक्षणात अडतात.

अडण्याचे कारण बहुधा एकच असते. मॉड्यूलर आधारव्यवस्था सुट्या, ओळखीच्या भागांचीच बनते. प्रॉप जुना, बीम जुना, प्लेट जुनी. परीक्षक विचारतो, यात नवे काय? उत्तर बहुतेक वेळा भागांमध्ये नसते, भागांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असते. ते नाते अर्ज भरतानाच कागदावर नीट उतरले नसेल तर पुढे कितीही युक्तिवाद केला तरी ते त्यात घालता येत नाही.

आधी काय होते, ते शोधा

अर्जाचा मसुदा करण्यापूर्वी काही दिवस शोधासाठी ठेवा. पेटंट कायद्याच्या दृष्टीने आधीचे ज्ञान म्हणजे फक्त तुमच्या गावातल्या साइटवर वापरात असलेले नव्हे. जगात कुठेही, कोणत्याही भाषेत आधी प्रसिद्ध झालेला कागद तुमच्या विरोधात उभा राहू शकतो. आणि हे क्षेत्र जुने आहे. मापानुसार लांबी कमीजास्त करता येणारा पोलादी प्रॉप ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकातच बाजारात आला. लेयर या जर्मन कंपनीने एका सांध्यात अनेक दिशांनी आडवे नळ पाचरीने अडकवणारी ऑलराउंड पद्धत १९७४ साली आणली. कपलॉक ही सांध्याची पद्धतही अनेक दशकांपासून वापरात आहे. पेरी आणि डोका या कंपन्यांच्या कॅटलॉगांत प्रॉप, हेड, बीम आणि पॅनेल यांच्या कितीतरी जोडण्या आहेत. छापील कॅटलॉग आणि उभारणीची मार्गदर्शिका हेही आधीचे ज्ञानच असते, हे विसरू नका.

शोधण्यासाठी भारतीय पेटंट कार्यालयाची ‘इनपास’ ही मोफत सुविधा आणि युरोपीय पेटंट कार्यालयाचे ‘एस्पासनेट’ वापरा. नुसत्या शब्दांवर विसंबू नका, कारण तुमच्या ‘जॅक’ला दुसरा कोणी ‘शोअर’ म्हणतो, तिसरा ‘स्ट्रट’. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधा. मचाण आणि शटरिंग यांचा वर्ग ई०४जी आहे. शोधताना तो रोमन अक्षरांत लिहावा लागतो. त्यात ११/४८ मध्ये स्लॅबच्या शटरिंगखालच्या आधाररचना, ११/५० मध्ये त्याखालचे बीम, १७ मध्ये शटरिंग जोडणारे भाग, २५ मध्ये प्रॉप आणि टेकू, तर ७ मध्ये मचाणाचे सांधे सापडतात. चिनी कागदपत्रे टाळू नका. क्रमांकाच्या शेवटी रोमन ‘यू’ असेल तर ते चीनचे लघुपेटंट असते. भारतात लघुपेटंटाची सोय नाही, मात्र चीनचे लघुपेटंट आधीचे ज्ञान म्हणून इथे पुढे येतेच. त्याचे यांत्रिक भाषांतर एस्पासनेटवर वाचता येते, आणि आकृत्या वाचायला भाषा लागत नाही.

सापडलेल्या प्रत्येक कागदातून दोन गोष्टी टिपून ठेवा: त्याने कोणती अडचण सोडवली, आणि कोणत्या सांध्याने सोडवली. पुढे परीक्षकाला उत्तर देताना हीच टिपणे उपयोगी पडतात.

दाखवण्याआधी अर्ज

आपल्याकडे नवी वस्तू आधी साइटवर जाते, मग तिचे फोटो व्हॉट्सॲपवर जातात, मग व्हिडिओ, मग दोन ठेकेदारांना विक्री. पेटंटचा विचार त्यानंतर सुरू होतो. तोवर नवेपणा बहुधा संपलेला असतो. सेंट्रिंगची चाचणी बंद खोलीत करणे अवघड असते, हे कायद्याला ठाऊक आहे. कलम ३२ नुसार अर्जापूर्वीच्या एका वर्षात केवळ वाजवी चाचणीसाठी केलेला उघड वापर, तोही शोधाचे स्वरूप पाहता उघडपणे करणे गरजेचे असेल तर, नवेपणाला बाधक ठरत नाही. ही सवलत चाचणीपुरतीच आहे. त्या काळात केलेली विक्री किंवा फिरवलेला व्हिडिओ तिच्यात बसवता येईल, असे धरून चालू नका.

यावर सोपा उपाय म्हणजे तात्पुरत्या वर्णनासह अर्ज, म्हणजेच प्रोव्हिजनल. शोध पुरेसा स्पष्ट झाला की तो दाखल करा, तारीख मिळवा, आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण वर्णन द्या. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात आणि ते ऑनलाइन भरता येतात. कागदपत्रे मात्र इंग्रजी किंवा हिंदीतच द्यावी लागतात. म्हणून माझा आग्रह असा, की मूळ टिपण आधी मराठीत लिहा, ज्याने सांधा सुचवला त्या मिस्त्रीला वाचून दाखवा, तो ‘हो, असेच चालते’ म्हणाला की मग भाषांतर करून घ्या. पेटंट एजंटच्या इंग्रजीत सांध्याचे काम बदलले गेले तर ते तिथेच पकडता आले पाहिजे.

त्याच वेळी शोधकांची नावे ठरवा. खरा आणि पहिला शोधक जो असेल त्याचे नाव अर्जात असले पाहिजे. खाच मिस्त्रीने सुचवली आणि वेल्डरने तिचा कोन बसवला असेल, तर दोघांचेही नाव लागते. अर्ज तुमच्या फर्मच्या नावाने करायचा असेल तर त्यांच्याकडून हक्क लेखी घ्या, आणि त्याचा मोबदलाही ठरवा. वर्कशॉप तुमचे म्हणून शोध आपोआप तुमचा होत नाही.

सांध्याचे नाते कागदावर

उदाहरणासाठी एक रचना धरू. आयएस ४५६:२००० या मानकानुसार साधे पोर्टलँड सिमेंट, १५ अंशांपेक्षा कमी नसलेले तापमान आणि पुरेसे क्युरिंग असेल तर स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, मात्र प्रॉप लगेच परत लावावे लागतात. ते प्रॉप ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवावे लागतात. प्रॉप काढून परत लावण्याच्या त्या थोड्या वेळात कोवळा स्लॅब आधाराविना राहतो. ड्रॉप हेडने ही अडचण सोडवली. हेडवरची पाचर ठोकली की बीम खाली उतरतो आणि पॅनेल सुटतात, पण प्रॉप स्लॅबला टेकलेलाच राहतो. हे ज्ञान आता जुने आहे, त्यावर पेटंट मिळणार नाही.

आता समजा, तुमच्या वर्कशॉपने यात एक भर घातली. घाईत बीम हेडवर अर्धवट बसतो, वरून प्लेटा लागतात आणि खालून काहीच कळत नाही. तुमच्या हेडमध्ये बीमच्या टोकाची जीभ खाचेत पूर्ण उतरली तरच खालची कडी फिरून लॉक होते. जीभ अर्धवट असेल तर ती कडीच्या वाटेत येते आणि कडी अडते. लॉक न झालेली कडी खाली उभ्या असलेल्या माणसालाही दिसते.

दावा म्हणजे हक्क नेमका कशावर हवा ते सांगणारे अर्जातले वाक्य. या शोधाचा कमजोर दावा असा होईल: ‘काँक्रीट स्लॅबसाठी मॉड्यूलर आधारव्यवस्था, जिच्यात उभे प्रॉप, प्रॉपवरचे हेड, हेडवर टेकणारे बीम आणि बीमवरची पॅनेल असून ती हलकी, किफायतशीर व जलद आहे.’ हे वाक्य कित्येक वर्षांच्या कॅटलॉगांना लागू पडते. ‘हलकी’ आणि ‘किफायतशीर’ या शब्दांना परीक्षेत वजन नसते.

मजबूत दाव्यात जुने भाग थोडक्यात मांडून, ‘ज्याचे वैशिष्ट्य असे की’ या शब्दांनंतर नाते येते: बीमच्या टोकाला खाली वळलेली जीभ आहे, हेडमध्ये ती घेणारी खाच आहे, खाचेखाली फिरणारी कडी अशी बसवलेली आहे, की जीभ खाचेच्या तळाशी असेल तेव्हाच कडी लॉकच्या स्थितीत फिरू शकते, आणि जीभ त्यापेक्षा वर असेल तेव्हा जीभच कडीला अडवते. इथे बीम, खाच आणि कडी हे तिघेही एकमेकांवर अवलंबून आहेत.

हे अवलंबन इतके महत्त्वाचे का? पेटंट कायद्याचे कलम ३(च), म्हणजे इंग्रजीतले ३(एफ), सांगते की ज्ञात साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, ज्यात प्रत्येक साधन स्वतंत्रपणे आपापल्या ज्ञात रीतीनेच काम करते, ती शोध ठरत नाही. मॉड्यूलर व्यवस्थांवर हा आक्षेप सर्वांत सहज येतो. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली या प्रश्नाचा मूळ निकष सांगितला. वाद मिर्झापूरच्या भांडी कारखान्याचा होता आणि पेटंट लेथवर भांडे पकडण्याच्या रचनेचे होते. ते पेटंट टिकले नाही. न्यायालयाचे म्हणणे असे, की सुधारणा वर्कशॉपमधल्या नेहमीच्या डागडुजीपेक्षा अधिक असली पाहिजे. जुने घटकही चालतील, पण त्यांच्या परस्पर कामातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा पूर्वीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे. निव्वळ एकत्र ठेवलेल्या वस्तूंना पेटंट नाही. सांधे आणि पकडी यांच्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल समजून घ्यावा.

तुमच्या रचनेला स्वतःच एक कसोटी लावून पाहा. दाव्यातला एक भाग मनातल्या मनात काढून टाका. बाकीचे भाग पूर्वीसारखेच, कोणताही परिणाम न गमावता काम करत राहिले, तर तो भाग शोधाचा कणा नाही. तो काढल्यावर वैशिष्ट्यपूर्ण परिणामच नाहीसा झाला, तर त्याच्या भोवती मुख्य दावा बांधा.

मुख्य दाव्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी उपदावे ठेवा: जिभेचा आकार, कडीच्या उताराचा कोन, स्लरी साचू नये म्हणून खाचेला ठेवलेली तळाची फट. मुख्य दावा परीक्षणात अरुंद करावा लागला तर यातलीच एखादी पायरी उपयोगी पडते. उभारण्याची आणि खोलण्याची पद्धत वेगळ्या दाव्यात मांडता येते, मात्र सर्व दाव्यांमागे एकच शोधकल्पना असावी लागते. हेडसोबत त्याच अर्जात जमिनीवरच्या बेस जॅकची असंबंधित सुधारणा घुसडली तर अर्ज विभागण्याची वेळ येते.

वर्णनात सर्वांत चांगली माहीत असलेली रीत पूर्ण सांगा. लोखंडाचा दर्जा, जाडी, झुकाव, सांध्यातली मोकळीक असे सगळे लिहा. आकृत्यांवर मापे लिहायची नसतात, ती वर्णनात द्यायची असतात. किमान तीन आकृत्या हव्यात: सुटा सांधा, जीभ पूर्ण बसलेली स्थिती, आणि जीभ अर्धवट असताना अडलेली कडी. तिसरी आकृती अनेक जण देत नाहीत, आणि नाते तिच्यातच दिसते.

परिणाम मोजून द्या. तुमची रचना प्रॉपला मध्यभागी आडवा आधार देत असेल तर ते साधे गणित मांडा: सडपातळ प्रॉपची आधाराविना असलेली उंची निम्मी झाली, तर बकलिंगने वाकण्याआधी तो पेलू शकणारा सैद्धांतिक भार चौपट होतो. वर दिलेल्या हेडसाठी एका गाळ्याची जोडणी करा, ज्ञात हेड आणि तुमचे हेड यांची तुलना करा, मुद्दाम अर्धवट बसवलेले बीम किती वेळा लक्षात आले ते नोंदवा, परिस्थितीसह लिहा. हे सर्व अर्जाच्या दिवशीच्या वर्णनात असावे. कलम ५९ नुसार दुरुस्ती म्हणजे दावा अरुंद करणे, चूक सुधारणे किंवा स्पष्टीकरण. मूळ वर्णनात नसलेली गोष्ट नंतर घालता येत नाही.

अहवाल आल्यावर

अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण परीक्षण आपोआप सुरू होत नाही. त्याची मागणी स्वतंत्र करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या नियमांनुसार नव्या अर्जांसाठी ही मुदत ३१ महिन्यांची आहे. ती चुकली तर अर्ज मागे घेतल्याचे समजले जाते. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा स्त्री अर्जदार असेल तर जलद परीक्षणाची सोय मिळते, तिचा विचार जरूर करा.

पहिला परीक्षण अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते, आणि ते सहा महिने संपण्यापूर्वी मागितली तर तीन महिन्यांची वाढ मिळते. अहवाल पाहून घाबरू नका. आक्षेप येणे हे परीक्षणाचे नेहमीचे स्वरूप आहे. त्यात सहसा ‘डी१’, ‘डी२’ अशा नावांनी आधीचे कागद दिलेले असतात. ते पूर्ण वाचा, फक्त परीक्षकाने उल्लेखलेले परिच्छेद नव्हे.

मग एक तक्ता करा. डाव्या बाजूला तुमच्या दाव्याचा एकेक घटक, उजवीकडे प्रत्येक कागदात तो आहे का, असल्यास कुठे. नवेपणाचा प्रश्न इथेच मिटतो, कारण त्यासाठी एकाच कागदात सगळे घटक असावे लागतात. ‘अडणारी कडी’ डी१ मध्ये नसेल तर डी१ ने नवेपणा जात नाही.

शोधपायरीचा, म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेपचा, प्रश्न अधिक खोल आहे. तिथे परीक्षक डी१ मधले हेड आणि डी२ मधली कडी एकत्र करून ‘हे या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचेल’ असे म्हणू शकतो. उत्तरात कागदांची अडचण आणि काम दाखवा. डी२ ची कडी पाचर सैल होऊ नये म्हणून असेल, बीम बसला की नाही याच्याशी तिचा काही संबंध नसेल, तर तसे परिच्छेदासह लिहा. दोन्ही कागद एकत्र केले तरी जीभ कडीला अडवत नाही, हे दाखवता आले तर तुमचे उत्तर भक्कम झाले. ‘आमची रचना श्रेष्ठ आहे’ या वाक्याने यातले काहीच सिद्ध होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रिबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट केले, की शोधपायरी नाकारताना आधीचे ज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि तो जाणकाराला कसा सहज सुचला असता, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे. तुमचे उत्तरही याच तीन पायऱ्यांवर रचा, म्हणजे आदेश देणाऱ्या पेटंट नियंत्रकाला त्यांवरच बोलावे लागेल.

दावा फारच रुंद असेल तर तो अरुंद करण्यात कमीपणा नाही. एका नेमक्या सांध्यावरचे टिकणारे पेटंट हे सगळ्या सेंट्रिंगवर हक्क सांगणाऱ्या फेटाळलेल्या अर्जापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. सुनावणी झाल्यास तिथे सांध्याचा छोटा नमुना किंवा आकृती घेऊन बोला, आणि लेखी म्हणणे १५ दिवसांत द्या. अर्ज फेटाळला गेला तर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मुंबई कार्यालयाच्या आदेशावरील अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही, आणि मिळाल्याची प्रसिद्धी झाल्यावर एका वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्ती विरोध नोंदवू शकते, हेही ध्यानात असू द्या.

खर्च आणि सीमा

व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि नेहमीच्या परीक्षणाचे ४,००० रुपये आहे. मोठ्या कंपन्यांना अनुक्रमे ८,००० आणि २०,००० पडतात. १० दाव्यांपुढे आणि ३० पानांपुढे जादा शुल्क लागते. लघुउद्योगाची सवलत हवी असेल तर तसा पुरावा जोडा. एजंटची फी वेगळी. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते, मधल्या नूतनीकरणाच्या शुल्कांसह. त्याचा हक्क भारतापुरता असतो. आखातात किंवा इतरत्र माल विकायचा असेल तर तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. भारतात राहणाऱ्याने इथे आधी अर्ज न करता थेट परदेशात अर्ज करायचा असेल, तर कलम ३९ नुसार पेटंट कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते.

पेटंट कशाची हमी देत नाही

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेटंट कार्यालय शोध नवा आहे का, सहज सुचणारा आहे का, उद्योगात वापरता येतो का, हे तपासते. तुमचा सांधा ओल्या स्लॅबचा भार पेलेल की नाही, हे ते तपासत नाही. ‘पेटंट मिळालेली’ हे शब्द ब्रोशरवर छापून कोणी भाराची चाचणी टाळली, तर त्याचा हिशेब स्लॅबखाली काम करणाऱ्या माणसांच्या अंगावर येतो. म्हणून आयएस १४६८७:१९९९ या मार्गदर्शक मानकाप्रमाणे आधारव्यवस्थेचे गणित करून घ्या, अभियंत्याकडून जोडणीची प्रत्यक्ष भारचाचणी करून घ्या, आणि ग्राहकाला पेटंट क्रमांकाबरोबर भाराचा तक्ताही द्या. ही चाचणी अर्जाआधी झाली तर उत्तमच, कारण तिचेच आकडे वर्णनात जातील आणि परीक्षकापुढे परिणाम सिद्ध करतील.

या आठवड्यात एवढे करा. एका कागदावर तुमच्या रचनेतला प्रत्येक भाग लिहा, आणि त्याच्यापुढे तो दुसऱ्या कोणत्या भागाला काय करू देतो किंवा काय करण्यापासून अडवतो, ते लिहा. खाली तारीख टाका, आणि ती रचना सुचवणाऱ्यांची नावे त्यावर घ्या. चांगल्या सांध्याचे ज्ञान आपल्याकडे बहुतेक वेळा एका मिस्त्रीच्या हातात राहते आणि त्याच्याबरोबरच साइट सोडून जाते. नीट लिहिलेला अर्ज ते ज्ञान त्याच्या नावासह सगळ्यांसाठी नोंदवून ठेवतो, आणि २० वर्षांनंतर प्रत्येक वर्कशॉपला ते मोकळेपणाने वापरता येते.